खंडेनवमीच्या पूजेतून राहून गेलेले आयुध

काल खंडेनवमी झाली, आज विजयादशमी. या दोन दिवसांत वऱ्हाडातील कामाला विश्रांती मिळते आणि कामाच्या साधनांना देवाचा मान. नांगर, वखर, तिफण धुऊन-पुसून अंगणात मांडली जातात. सुताराचा रंधा, शिंप्याचे यंत्र, मोटारचालकाची गाडी, वैद्याची उपकरणे, विद्यार्थ्यांची पाटी-पुस्तके, हळदकुंकवाचे बोट लागले नाही अशी वस्तू उरत नाही. वाशिमच्या पाटणी चौकात तराजू-मापांना झेंडूची माळ चढते, कारंजा-मंगरूळपीरकडील जिनिंगमध्ये यंत्रांपुढे नारळ फुटतो, आणि एखाद्या दवाखान्यात क्ष-किरण यंत्रासमोरदेखील कोणीतरी श्रद्धेने उदबत्ती लावून जाते. ज्याच्या आधारावर आपला संसार चालतो त्या निर्जीव वस्तूचेही ऋण मानावे, अशी शिकवण देणारा हा सण आहे.

या मांडामांडीत एक साधन मात्र सहसा राहून जाते. गल्ल्याच्या मागे, जिन्याखाली किंवा व्यवस्थापकाच्या खोलीत एक लोखंडी पेटी भिंतीला टांगलेली असते. तिच्यात दोन-तीन रंगांचे दिवे, एक किल्लीचे भोक आणि आत एक-दोन बॅटऱ्या असतात. छताला चिकटलेल्या पांढऱ्या वाट्या, दाराजवळचे काचेआडचे लाल बटण आणि कोपऱ्यातील भोंगा हे तिचेच अवयव होत. व्यवहारात आपण तिला फायर अलार्म म्हणतो. तिच्यावर कोणाचे पोट चालत नाही, म्हणून बहुधा तिला फूल वाहिले जात नाही. परंतु ज्या दिवशी तिच्यावर प्रसंग येतो त्या दिवशी छताखालील प्रत्येक जीव तिच्यावर अवलंबून असतो. फुलाचे सोडा, ती जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी वर्षभरात कोणी तिच्याकडे वळलेले नसते, ही खरी चिंतेची गोष्ट आहे.

घरोघरी नुकतेच नऊ दिवस नंदादीप तेवले. तो दीप एकदा लावला म्हणजे नऊ दिवस आपोआप जळत राहतो, असे कोणतीही गृहिणी मानीत नाही. रात्री उठून तेल पाहावे लागते, काजळी झाडावी लागते, वात सरकवावी लागते, वाऱ्याची झुळूक आली तर आडोसा करावा लागतो. दीप अखंड राहतो तो या जागरणाने. आगसूचक यंत्रणेचे नेमके तेच आहे. ती बसविणे हे घटस्थापनेसारखे एका दिवसाचे काम. राखणे हे पुढचे व्रत. आपल्याकडे स्थापना थाटाने होते आणि व्रत सुटते.

लाक्षागृहातील सहा निद्रिस्त

अग्नीविषयी आपला समाज अनभिज्ञ आहे असे कोण म्हणेल? ऋग्वेदाचे पहिलेच सूक्त अग्नीचे. अग्निहोत्र्याने अग्नी विझू नये म्हणून जितके जपावे, तितकेच तो आपली जागा सोडणार नाही याविषयीही जपावे. आहवनीयाभोवती परिधी ठेवण्याची रीत आहे ती उगीच नव्हे. पण सावधानतेचा सर्वांत मोठा धडा महाभारताच्या आदिपर्वात, वारणावताच्या लाक्षागृहात आहे, आणि तो आपण अर्धाच सांगतो.

पांडवांना पूर्वसूचना मिळाली होती. विदुराने इतरांना न कळेल अशा भाषेत युधिष्ठिराला सावध केले. घरात पाऊल टाकताच तूप, चरबी आणि लाखेचा वास घेऊन युधिष्ठिराने ते घर ओळखले. विदुराने धाडलेल्या खनकाने भुयार खणले, त्याचे तोंड जमिनीबरोबर फळ्यांनी झाकले. दिवसा मृगयेच्या मिषाने पांडव रानावनांतील वाटा पाहून ठेवीत, रात्री जागरूक राहत. असे एक-दोन दिवस नव्हे, सुमारे वर्षभर. इशारा, बाहेर पडण्याची वाट आणि त्या वाटेचा रोजचा परिचय, या तीन गोष्टींनी ते तरले.

ही कथा येथवर सर्वांना ठाऊक असते. पुढचा भाग कीर्तनांतून सहसा घाईने उरकला जातो. त्या रात्री कुंतीने अन्नदान केले होते. जेवायला आलेली एक निषाद स्त्री आणि तिचे पाच पुत्र त्याच घरात गाढ झोपी गेले. भीमाने आग लावली, पांडव भुयारातून निघून गेले, आणि ते सहा जीव तेथेच जळाले. व्यासांनी ही गोष्ट लपविलेली नाही. त्या प्रसंगाचे समर्थन-खंडन करणे हा येथे हेतू नाही. ते अधिकारी व्यक्तींनी करावे. प्रस्तुत लेखकाला त्यात एवढेच दिसते की, घर जाणणारे वाचले आणि घर न जाणणारे पाहुणे गेले. पाहुण्यांना विदुर भेटला नव्हता, भुयाराचे तोंड कोठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि त्यांना कोणी हाक मारली नाही.

आपले लॉज, भक्तनिवास, मंगल कार्यालय, रुग्णालय, शिकवणी वर्ग, मोठे कापडदुकान यांत येणारा प्रत्येक माणूस त्या निषादीच्या जागी असतो. मालकाला मागचा दरवाजा ठाऊक असतो, नोकराला मुख्य बटण ठाऊक असते. पाहुण्याला स्वतःच्या खोलीचा क्रमांकदेखील नीट लक्षात नसतो. कारंज्याला श्री नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी गुरुमंदिराच्या दर्शनाला आलेले कुटुंब, पोहरादेवीच्या यात्रेला दुरून आलेले बंजारा भाविक, शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनासाठी उतरलेले जैन यात्रेकरू, हे सारे रात्री एका अनोळखी छपराखाली विश्वासाने झोपतात. मध्यरात्री त्यांना हाक मारणारा जो कोणी असेल, तो त्या भिंतीवरील पेटीतच आहे.

कापसाचा धुमसता स्वभाव

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. परंतु त्याची नाळ जुन्या वऱ्हाडच्या कापसाशीच जुळलेली आहे. एके काळी शकुंतला रेल्वेने कारंज्याचा कापूस मूर्तिजापूरला जात असे. आज सोयाबीनने पुष्कळ रान घेतले असले तरी दसरा उलटला, सीतादही झाली, की कापसाच्या गाड्या अजूनही जिनिंगच्या फाटकाशी लागतात. म्हणून आगीच्या गोष्टीत कापसाला प्रथम मान देणे प्राप्त आहे.

कापूस लाकडासारखा भडकून जळाला तर बरे, कारण तो दिसतो. त्याची खोड वेगळीच आहे. वेचणीत आलेला खडा, खिळा किंवा तारेचा तुकडा यंत्राच्या फिरत्या दात्यांवर आपटतो, ठिणगी पडते, ती रुईत शिरते आणि दाबयंत्राखाली गाठीच्या पोटात बंद होते. बाहेरून गाठ स्वच्छ, पांढरी, बांधलेली. आत मात्र विस्तव धुमसत असतो. कित्येकदा तो तासांनी नव्हे तर दिवसांनी वर येतो, आणि तोवर ती गाठ शेकडो गाठींच्या थप्पीत जाऊन बसलेली असते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर जो अनर्थ झाला, तोही ज्या कप्प्यात कापसाच्या गाठी होत्या तेथूनच सुरू झाला. त्याच कप्प्यात स्फोटकेही होती. दुपारी दोनच्या सुमारास आग लक्षात आली आणि चार वाजून गेल्यावर पहिला प्रचंड स्फोट झाला. आग विझवता विझवता अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

जिनिंगचे मालक कधीकधी तक्रार करतात की, "आमच्याकडे फायर अलार्म टिकतच नाही, दिवसभर उगाच वाजतो." ही तक्रार खरी असते, तिचे कारण मात्र यंत्रणेच्या निवडीत असते. धूरशोधकाच्या आत एक लहानसा अंधारा कप्पा असून त्यात प्रकाशाचा एक किरण सोडलेला असतो. धूर आत शिरला की किरण विखुरतो, तो विखुरलेला प्रकाश संवेदकावर पडतो आणि भोंगा वाजतो. कापसाचा तंतू आणि धूळ हेच काम धुराइतक्याच बिनचूकपणे करतात! जिनच्या मुख्य दालनात म्हणूनच उष्णता किंवा ज्वाला ओळखणारे शोधक हवेत. धूरशोधक कचेरीत आणि विजेच्या खोलीत शोभतात. त्यातही आपल्या प्रदेशाचे एक वैशिष्ट्य ध्यानी घ्यावे लागते. साधा उष्णताशोधक ५७-५८ अंशांच्या आसपास जागा होतो, आणि वऱ्हाडातील मे महिन्यात पत्र्याच्या छपराला टेकलेली हवा त्या आकड्याच्या फार दूर राहत नाही. तेथे वरच्या अंशाचा शोधक मागून घ्यावा. पुण्या-मुंबईच्या नमुन्यावर तयार झालेले अंदाजपत्रक मालेगाव-रिसोडच्या पत्र्याखाली जसेच्या तसे उतरविणे शहाणपणाचे नाही.

यंत्रणा मुकी कशी होते

या यंत्रणा एकाएकी मरत नाहीत, हळूहळू मुक्या होतात. पावसाळ्यात कोळी छताच्या वाटीत घर करतो, भोंगा दोनदा उगाच वाजतो, गिऱ्हाईक घाबरते. मालक वैतागून सांगतो, "बंद करून टाक." किल्ली फिरते. तांत्रिक आल्यावर पाहू असे ठरते. तांत्रिक अकोल्याहून किंवा अमरावतीहून यायचा असतो. दिवाळी येते, लग्नसराई येते. वर्षानंतर पेटीवर हिरवा दिवा तेवढा इमानाने जळत असतो, आणि येणारा-जाणारा त्याकडे पाहून निश्चिंत होतो. हिरवा दिवा एवढेच सांगतो की पेटीपर्यंत वीज आली आहे. छतावरची वाटी पाहते आहे, तार अखंड आहे, भोंग्याला आवाज आहे, यांपैकी कशाचीही तो ग्वाही देत नाही. लाल दिवा आगीचा, तो सर्वांना कळतो. खरा बोलका दिवा पिवळा: कोठे तार तुटली, बॅटरी उतरली, शोधक निसटला की तो लागतो आणि बारीक आवाजात कुरकुर करतो. बहुतेक ठिकाणी ती कुरकुर थांबविण्याचे बटण प्रथम शोधले जाते.

दुसरे कारण आपल्या धार्मिक जीवनाशी निगडित आहे, म्हणून या पानावर ते स्पष्ट सांगणे अगत्याचे वाटते. नव्या दालनाचा शुभारंभ असतो, वास्तुशांत असते, लक्ष्मीपूजन असते. होमाचा धूर, धूप, कापूर यांनी भोंगा वाजू नये म्हणून सकाळीच यंत्रणा बंद केली जाते. यात गैर काही नाही. गैर घडते ते सायंकाळी. पूर्णाहुती झाली, प्रसाद वाटला, मंडळी पांगली, आणि यंत्रणा पुन्हा सुरू करण्याचे कोणालाच स्मरण राहत नाही. मंगल कामासाठी झोपविलेला रक्षक पुढे महिनोन् महिने झोपलेला राहतो. होम असेल तेव्हा त्या दालनापुरताच विभाग बंद करावा, तेवढा वेळ एक जाणता माणूस तेथे उभा ठेवावा आणि बंद केल्याची वेळ कागदावर लिहून पेटीलाच चिकटवावी. होमकुंड शांत झाले की तो कागद काढणे हा विधीचाच शेवटचा भाग समजावा. आरास करताना शोधकावर पडदा ताणणे, रंगकाम करताना त्याच्यावर कुंचला फिरविणे, नवी लाकडी भिंत घालून अर्धी खोली शोधकाच्या दृष्टीआड करणे, हे प्रकारही याच जातीचे.

बॅटरीचा प्रश्न वेगळा आणि अधिक गंभीर आहे. कित्येक आगी विजेच्या तारांतूनच सुरू होतात. मुख्य बटण पडते, इमारत अंधारात बुडते. नेमक्या त्या क्षणी सारी यंत्रणा पेटीतल्या बॅटरीवर उभी असते. ही बॅटरी साधारणतः तीन-चार वर्षांची सोबतीण असून उष्णतेत तिचे आयुष्य आणखी घटते. जिन्याखालच्या कोंदट, तापलेल्या कोनाड्यात तर पुष्कळच. तिची परीक्षा अगदी सोपी आहे. पेटीची मुख्य वीज बंद करावी आणि बटण दाबावे. भोंगा पूर्ण आवाजात वाजला तर ठीक. घरघरला किंवा गप्प राहिला तर बॅटरी गेली.

भोंग्याच्या आवाजालाही माप आहे. भारतीय मानक २१८९ ही या यंत्रणांची आपल्या देशातील आचारसंहिता असून झोपलेल्या माणसाच्या उशाशी ७५ डेसिबल आवाज पोहोचावा असा तिचा दंडक आहे. लॉजच्या मालकाने एकदा खोलीचे दार लावून पलंगावर पडून तो आवाज ऐकावा. जाड दारे आणि वातानुकूलन यंत्राची घरघर यांतून व्हरांड्यातला भोंगा आत येतो की नाही हे कळेल. मंगल कार्यालयांची अडचण उलट आहे: तेथे बँड आणि ध्वनिवर्धक यांच्यापुढे कोणताही भोंगा दुबळाच. तेथे आगीचा इशारा होताच ध्वनिवर्धकाची वीज आपोआप तुटेल अशी जोडणी करून घेता येते. अचानक पसरलेली शांतता हाच कित्येकदा सर्वांत मोठा इशारा ठरतो.

कायद्याचे शब्द आणि त्यांचा अर्थ

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा ६ डिसेंबर २००८ पासून अमलात आहे. आपल्या व्यापारी बांधवांपैकी अनेकांना त्याचे नाव ना-हरकत दाखल्यापुरतेच ठाऊक असते. दाखला मिळाला, चौकटीत घालून गणपतीच्या तसबिरीशेजारी लावला, की कायदा संपला अशी समजूत आहे. वस्तुतः कायदा तेथून सुरू होतो. बसविलेली साधने सदैव सुस्थितीत व कार्यक्षम ठेवण्याची जबाबदारी त्याने मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. जागा भाड्याची आहे, एवढे म्हणून दोघांपैकी कोणालाही सुटता येत नाही. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून घेऊन तसे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै महिन्यांत, मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याकडे किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावे लागते. व्यवहारात ते 'नमुना ब' म्हणून ओळखले जाते. बसविलेल्या साधनांत ढवळाढवळ करणे वा ती काढून टाकणे यांस मनाई आहे. धोक्याची स्थिती आढळल्यास जागा रिकामी करविण्याचा आणि वीज-पाणी तोडविण्याचा अधिकारही कायद्याने दिला आहे. भंगाबद्दल कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे.

प्रत्येक लहान टपरीला हे सर्व लागू होते असे मात्र नव्हे. इमारतीची उंची, क्षेत्रफळ आणि वापर यांवरून कोणती साधने हवीत ते ठरते. तपशील कायद्याच्या अनुसूचीत आणि २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या चौथ्या भागात आहे. आपल्या नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागात जाऊन विचारणे हा सर्वांत सरळ मार्ग.

आता एक कटू गोष्ट. प्रमाणपत्र देणारा इमारतीत न येताच प्रमाणपत्र देतो, आणि मालकाला तेच सोयीचे वाटते, असे प्रकार ऐकू येतात. असा कागद देवळात न जाता घरी मागविलेल्या अंगाऱ्यासारखा नाही. अंगाऱ्यामागे निदान श्रद्धा असते. तपासणारा आला की त्याच्याबरोबर स्वतः फिरावे. तो प्रत्येक मजल्यावर किमान काही शोधक प्रत्यक्ष जागे करून दाखवतो का, बॅटरीवर भोंगा वाजवून दाखवतो का, कोणते शोधक तपासले ते वहीत लिहितो का, हे पाहावे. काही तंत्रज्ञ उदबत्तीचा धूर धरून परीक्षा घेतात. आपल्या मनाला ते बरे वाटत असले तरी त्या धुराचा चिकट थर आत बसतो. त्यासाठी तयार केलेला चाचणीचा फवारा वापरण्यास सांगावे.

तपासणाऱ्याच्या दोन भेटींमध्ये सहा महिने असतात आणि त्या काळात यंत्रणा मालकाच्याच हाती असते. रोज सकाळी देवाला दिवा लावल्यावर पेटीकडे एक दृष्टी टाकावी. पिवळा दिवा नाही ना एवढेच. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी, एका बटणाची किल्लीने चाचणी घ्यावी. दर वेळी निराळे बटण, म्हणजे काही महिन्यांत सारी बटणे होतात. वार ठरलेला असला की शेजारी घाबरत नाहीत आणि नोकरांना आवाजाची ओळख राहते. हे सारे एका वहीत तारखेसह लिहावे. दिवाळीला रोजमेळ आणि खतावणीची पूजा होते, तेव्हा ही वहीही त्यांच्या शेजारी पाटावर ठेवायला हरकत नसावी. कोरी वही पूजेला ठेवण्याची लाज वाटेल, हा त्यातला लाभ.

दोन तारखा

९ जानेवारी २०२१ च्या रात्री, दीडच्या सुमारास, आपल्याच विदर्भातील भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात आग लागली. धूर प्रथम लक्षात आला तो दार उघडणाऱ्या परिचारिकेच्या. कक्षात सतरा अर्भके होती. सात वाचली, दहा गेली. त्यांच्यापैकी एकालाही स्वतःच्या पायांनी बाहेर पडता येणार नव्हते. धावून येणाऱ्यांना मिळालेली मिनिटे हीच त्यांची मिनिटे होती.

त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला भाऊबीज होती. बहिणी ओवाळणीची ताटे सजवीत असताना सकाळी अकराच्या सुमारास अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभाग पेटला. किमान अकरा रुग्ण मरण पावले. सणाच्या दिवशी माणसे कमी असतात, जबाबदार व्यक्ती सुटीवर असते, विजेवरचा भार मात्र वाढलेला असतो. आपण सणाला सुटी घेतो, यंत्रणेला सुटी देता येत नाही.

या दोन्ही घटना शासकीय रुग्णालयांतील आहेत, तेव्हा खासगी व्यापाऱ्याने त्यांतून काय घ्यावे, असे कोणी विचारील. वाशिम, कारंजा, रिसोड येथील गल्ल्यांमधून वरच्या मजल्यावर किती खासगी दवाखाने, प्रसूतिगृहे आणि शिकवण्या थाटलेल्या आहेत, आणि त्यांच्या खाली किती कापडाची व प्लॅस्टिकची गोदामे आहेत, हे त्याने एकदा मान वर करून पाहावे. खालच्या दुकानाचा भोंगा वरच्या दवाखान्याला ऐकू येतो का? दोन मालक एकमेकांशी या विषयावर कधी बोलले आहेत का?

देवस्थानांनाही यातून वगळता येत नाही. २ फेब्रुवारी २०१८ च्या रात्री मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात वीर वसंतराय मंडपातील दुकानांना आग लागली. दर्शनाची वेळ टळून गेल्यामुळे मनुष्यहानी झाली नाही, परंतु शतकांचे शिल्प तडकले आणि छताचा भाग कोसळला. प्रसादाची, हार-फुलांची, चित्रांची बंद दुकाने रात्री कोणाच्याच नजरेखाली नसतात. विश्वस्त मंडळींनी देवळाच्या आवारातील दुकाने, भक्तनिवास आणि महाप्रसादाचे स्वयंपाकघर यांना ही रात्रीची नजर पुरवणे हेदेखील सेवेतच मोडते. देणगीच्या पावतीवर कळसासाठी, पालखीसाठी रकाने असतात, बॅटरीसाठी नसतो. एखाद्या यजमानाने आपल्या वडिलांच्या नावे भक्तनिवासातील यंत्रणेची वार्षिक देखभाल लावून दिली, तर ती अन्नदानाहून उणी ठरणार नाही, असे प्रस्तुत लेखकास प्रामाणिकपणे वाटते.

आणखी एक विचार केवळ आपल्या जिल्ह्यापुरता. महानगरात आगीचा बंब काही मिनिटांवर असतो. मानोऱ्याच्या पलीकडच्या खेड्यात किंवा शेलूबाजारच्या रस्त्यावरील गोदामात तो तालुक्याहून किंवा त्याहून दूरच्या शहरातून यायचा असतो. तोवर जे काही करावयाचे ते आतल्या माणसांनी. पहिली तीन-चार मिनिटे मिळाली तर माणसे बाहेर येतात, एखादा जाणता नोकर सिलिंडर घेऊन छोटी आग विझवतो. ती मिनिटे हुकली तर बंब येऊन राख भिजवतो. बंब दूर असल्यानेच येथे भोंगा जास्त जागा हवा. मुंबईकडे चालते ते येथे चालेल, हा हिशेब उलटा आहे.

ज्यांची दुकाने लहान आहेत आणि कायद्याचा दंडक ज्यांना लागू होत नाही, त्यांनीही बॅटरीवर चालणारा एक साधा धूरशोधक माळ्यावर लावून घ्यावा. त्याची किंमत दिवाळीच्या एका फटाक्यांच्या पेटीहून फार अधिक नसते. दुकानावरच राहणाऱ्या कुटुंबांना तर तो अत्यावश्यक समजावा.

दसरा सरला की कापूस येईल, कार्तिकी एकादशीनंतर तुळशीची लग्ने लागतील आणि कार्यालये गजबजतील. मधले हे थोडे दिवस मोकळे आहेत. आज सायंकाळी सोने लुटून झाले की उद्या दुकान उघडताना प्रथम पेटीची वीज बंद करावी, बटण दाबावे आणि भोंगा बॅटरीवर वाजतो का ते ऐकावे. वाजला तर तारीख लिहावी. न वाजल्यास त्याच दिवशी तंत्रज्ञाला निरोप धाडावा आणि तो येईपर्यंत रात्रीच्या पहारेकऱ्याला दर तासाला प्रत्येक मजल्यावर फेरी घालण्यास सांगावे. जानेवारीच्या प्रमाणपत्राला अजून अवकाश आहे, आणि बॅटरीसाठी अकोल्याला जावे लागले तरी ते एका दिवसाचे काम आहे.